इंजिन एक, वांटेकरी चार

मोटारीस चाकें चार असतात, हें लहान मूलहि जाणतें. परंतु त्या चारांपैकीं गाडी पुढें नेण्याचें काम किती चाकें करतात, असा प्रश्न केला तर जाणतीं माणसेंहि क्षणभर थांबतात. बहुतेक मोटारींत हें काम दोनच चाकांकडे असतें. उरलेलीं दोन आपापला भार वाहतात आणि निमूटपणें बरोबर चालतात. चारी चाकांना कामास जुंपणारी गाडी म्हटली कीं आपल्याकडे प्रथम जीप आठवते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत तिची जोडणी सुरू झाली आणि पुढें कित्येक वर्षें डोंगरवाटा, धरणांचीं कामें व पोलीस ठाणीं यांच्याशीं तिचें नांव जोडलेलें राहिलें. जीपपुढील प्रश्न चिखलांतून बाहेर पडण्याचा होता. अति वेगवान मोटारींपुढील प्रश्न निराळा आहे. त्यांना चिखल ठाऊक नसतो, पण त्यांच्या इंजिनाची शक्ति इतकी मोठी असते कीं कोरड्या डांबरी रस्त्यावरहि दोन चाकांना ती पेलत नाहीं. मग ती चौघांत वांटावयाची कशी, कोणी वांटावयाची आणि केव्हां वांटावयाची, या प्रश्नांचीं निरनिराळीं उत्तरें देतां देतां यंत्रज्ञांनीं गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोठें बुद्धिवैभव खर्च केलें आहे.

वांटणीची गरज कां पडते हें प्रथम पाहिलें पाहिजे. प्रत्येक टायर रस्त्याला जेथें टेकतो ती जागा साधारण तळहाताएवढी असते. गाडीचें धांवणें, वळणें आणि थांबणें हीं तिन्ही कामें या चार तळहातांवर चालतात. प्रत्येक टायरजवळ पकडीचा ठराविक सांठा असतो, आणि तिन्ही कामांचा खर्च त्या एकाच सांठ्यांतून भागवावा लागतो. ओढण्यांत सर्व पकड खर्च झाली तर वळण्यासाठीं कांहीं शिल्लक राहत नाहीं. मागच्या दोन चाकांवर सारी शक्ति लोटली तर तीं जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात व गाडीची शेपटी बाजूला सरकते. उलट पुढच्या दोहोंवर अधिक भार टाकला तर सुकाणूचें कामहि त्यांच्याकडेच असल्यामुळें गाडी वळणाबाहेर सरळ जाऊं पाहते. यास्तव चौघांत वांटणी हवी. परंतु ती कशीहि करून चालणार नाहीं.

आतां वांटणीच्या साधनाकडे वळूं. कोणतीहि गाडी वळूं लागली म्हणजे वळणाच्या बाहेरील चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. दोन्ही चाकें एकाच आंसाला घट्ट बांधलेलीं असतील तर त्यांपैकीं एकाला घसरावेंच लागेल. ही अडचण टाळण्यासाठीं दोन चाकांच्या मध्यें दांतेरी चाकांचा जो संच बसवितात त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याचा गुणधर्म समजण्यास नांगराच्या बैलजोडीचा दाखला उपयोगी पडेल. हळसाला जूं मध्यावर बांधलेलें असतें व त्याच्या दोन टोकांना दोन बैल ओढीत असतात. जूं मध्यावर थोडें फिरूं शकत असल्यानें एक बैल अर्धें पाऊल पुढें गेला तरी बिघडत नाहीं. मात्र दोघांची ओढ समान राहते. एकानें अंग चोरलें तर दुसऱ्याच्या जोराचा उपयोग होत नाहीं. जूं त्याच्या बाजूनें नुसतें पुढें फिरतें आणि नांगर जागींच राहतो. डिफरन्शियलचें तंतोतंत असेंच आहे. एक चाक बर्फावर किंवा तेलकट जागेवर आलें कीं तें फुकट फिरूं लागतें, आणि दुसरें चाक कोरड्या जागीं असूनहि त्याला तितकाच क्षुल्लक जोर मिळतो.

याला उपाय म्हणून दोन्ही बाजू एकमेकींना पक्क्या बांधून टाकतां येतात. जुन्या जीपमध्यें हेंच होतें. चालकानें दांडा ओढला कीं पुढचा व मागचा आंस जणूं एकाच लोखंडी कांबीनें बांधले जात. आतां ज्या आंसाच्या चाकांना पकड असेल तो आंस सारा जोर घेई व गाडी चिखलांतून निघे. परंतु हीच गाडी कोरड्या रस्त्यावर वळविली तर पुढच्या-मागच्या चाकांना निरनिराळ्या गतीनें फिरण्याची मुभा नसल्यामुळें सगळ्या यंत्रांत ताण सांचे, टायर झिजत आणि सुकाणू जड होई. म्हणून पक्का रस्ता लागतांच दांडा परत लोटावा, असा नियम होता.

या दोन टोकांतून एक सूत्र निघतें आणि तें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व हकीकत सोपी होते. डिफरन्शियल मोकळें असलें तर जोराचें प्रमाण बांधलेलें असतें व गति मोकळी असते. तें जखडलें तर गति बांधली जाते व जोर मोकळा होतो, म्हणजे जेथें पकड असेल तेथें जातो. दोन्ही सोयी एकाच वेळीं पूर्णपणें मिळत नाहींत. वेगवान मोटारींसाठीं निघालेली प्रत्येक योजना म्हणजे या दोहोंमधील एक तडजोड आहे.

या दिशेनें पहिला नेटाचा प्रयत्न इंग्लंडांत झाला. ट्रॅक्टरमुळें प्रसिद्धीस आलेले हॅरी फर्ग्युसन यांची अशी श्रद्धा होती कीं चारी चाकांनीं चालणारी गाडीच सुरक्षित गाडी होय. टोनी रोल्ट व फ्रेडी डिक्सन या शर्यतवीरांच्या साहाय्यानें त्यांनीं हें काम चालविलें. त्यांच्या संस्थेनें बांधलेली 'पी-९९' ही शर्यतीची गाडी घेऊन स्टर्लिंग मॉस यांनीं १९६१ सालीं ऊल्टन पार्क येथील गोल्ड कप जिंकला. फॉर्म्युला वन जातीच्या गाड्यांच्या शर्यतींत चारी चाकांनीं ओढणाऱ्या गाडीनें मिळविलेला हा एकमेव विजय होय. तो पाहण्यास फर्ग्युसन हयात नव्हते. त्यांचें निधन १९६० सालींच झालें होतें.

त्यांचें तत्त्व १९६६ सालीं 'जेन्सन एफ-एफ' या गाडीच्या रूपानें बाजारांत आलें. येथें पुढच्या व मागच्या आंसांमध्यें तिसरें डिफरन्शियल होतें, पण तें समान वांटणी करणारें नव्हतें. पुढें सुमारें ३७ व मागें ६३ असें त्याचें प्रमाण होतें. बैलांच्या दाखल्यांत याचेंहि उत्तर आहे. जोडींतील एक बैल दुबळा असला म्हणजे शेतकरी जूं मध्यावर न बांधतां बळकट बैलाच्या बाजूस सरकवून बांधतो. त्यामुळें भाराचा मोठा वांटा बळकटाकडे जातो. गाडी जोरानें पुढें झेपावतांना तिचें वजन मागच्या चाकांवर रेलतें, म्हणजे त्या क्षणीं मागचीं चाकें अधिक बळकट असतात. पुढच्या चाकांना सुकाणूचें कामहि करावयाचें असतें. म्हणून मागें अधिक व पुढें कमी ही वांटणी न्यायाचीच होती. याशिवाय दोन आंसांच्या गतींत मर्यादेबाहेर फरक पडूं लागला तर तो अडविणारे क्लचहि त्यांत होते. यंत्र उत्तम होतें. परंतु गाडी महाग होती आणि तिची जुळणी अशी होती कीं सुकाणू डाव्या बाजूस घेणें शक्य नव्हतें. त्यामुळें अमेरिकेसारखी मोठी बाजारपेठ तिला मिळाली नाहीं आणि अवघ्या ३२० गाड्या तयार होऊन ती बंद पडली.

१९६९ सालीं लोटस, मॅट्रा, मॅक्लारेन यांनीं फॉर्म्युला वन शर्यतींत पुन्हां हा प्रयोग करून पाहिला व तो फसला. वाढलेलें वजन आणि जड झालेलें सुकाणू यांची किंमत मोठी होती; त्यांतच रुंद टायर व हवेच्या दाबानें गाडी जमिनीशीं धरून ठेवणारे पंख आल्यानें मागच्या दोन चाकांनाच पुरेशी पकड मिळूं लागली होती. वांटणी कितीहि सुबक असली तरी जेथें तिची गरज नाहीं तेथें ती ओझेंच ठरते, हा धडा त्यांतून मिळाला.

गरज कोठें आहे हें जर्मनींतील ऑडी कारखान्याच्या यंत्रज्ञांस उमगलें. १९७७ च्या हिंवाळ्यांत फिनलंडच्या बर्फांत चांचणी चालली असतां 'इल्टिस' नांवाची अल्पशक्तीची लष्करी गाडी अधिक शक्तिमान गाड्यांना सहज मागें टाकीत आहे, हें यॉर्ग बेन्सिंगर यांच्या लक्षांत आलें. फर्डिनांड पीएख यांनीं त्यांची कल्पना उचलून धरली आणि १९८० च्या मार्चमध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत 'क्वात्रो' ही २०० अश्वशक्तीची गाडी अवतरली. तिच्यांतील युक्ति साधी होती. गिअरपेटींतील एक दांडा पोकळ केला होता. त्या पोकळ दांड्यानें शक्ति मागें मधल्या डिफरन्शियलपर्यंत जाई, आणि पुढच्या आंसाचा वांटा त्याच पोकळींतून जाणाऱ्या दुसऱ्या दांड्यानें परत पुढें येई. त्यामुळें जीपसारखी वेगळी जड पेटी लागली नाहीं. वांटणी निम्मी-निम्मी होती व मधलें आणि मागचें डिफरन्शियल चालकाला स्वहस्तें जखडतां येई.

या गाडीनें दूर पल्ल्याच्या रॅली शर्यतींचें स्वरूप पालटून टाकलें. बर्फ, खडी, माती असे क्षणोक्षणीं बदलणारे रस्ते हेंच तिचें खरें क्षेत्र होतें. १९८१ सालीं हानू मिकोला यांनीं स्वीडनमधील रॅली जिंकली, आणि त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनीं जय मिळविला. जागतिक रॅली स्पर्धेंतील शर्यत जिंकणारी ही पहिली महिला. मात्र क्वात्रोचा एक दोष होता. तिचें इंजिन पुढच्या आंसाच्याहि पुढें असल्यानें नाक जड होतें आणि वळणांत ती बाहेरच्या बाजूस ओढ घेई. जोराची वांटणी वजनाच्या वांटणीपासून वेगळी काढतां येत नाहीं, हें त्यावरून दिसून आलें.

पुढचा प्रश्न असा होता कीं चालकानें हातानें जखडण्याऐवजीं यंत्रानेंच आपण होऊन योग्य वेळीं जखडावें हें कसें साधेल? त्याचीं तीन उत्तरें निघालीं.

पहिलें उत्तर द्रवाचें. एका बंद डब्यांत पातळ चकत्यांची रांग असते. एकाआड एक चकती पुढच्या व मागच्या आंसाशीं जोडलेली असते, आणि मध्यें दाट सिलिकोन तेल भरलेलें असतें. दोन्ही आंस सारख्या गतीनें फिरत असतील तर तेल स्वस्थ असतें. एक अधिक फिरूं लागला कीं तेल चकत्यांना धरतें व फरक कमी करूं पाहतें. घट्ट पाकांत डाव फिरवितांना हात जड होतो, तसाच हा प्रकार आहे. याला व्हिस्कस कपलिंग म्हणतात. रोल्ट यांनीं १९७१ मध्यें काढलेल्या संस्थेनें त्याच्या प्रसारास मोठा हातभार लावला. तें स्वस्त व सौम्य असतें. पण चाक घसरल्यावांचून तें जागेंच होत नाहीं, हा त्याचा उणेपणा.

दुसरें उत्तर दांत्यांचें. अमेरिकेंतील व्हर्नन ग्लीझमन यांनीं शोधलेल्या 'टॉर्सेन' नांवाच्या डिफरन्शियलमध्यें मळसूत्री दांते असतात. जोर पडतांच हे दांते परस्परांवर व बाजूच्या भिंतींवर दाबले जातात, आणि त्या घर्षणानेंच अधिक पकड असलेल्या बाजूकडे अधिक जोर वळतो. येथें चाक घसरण्याची वाट पाहावी लागत नाहीं. ऑडीनें १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत हें साधन मध्यभागीं बसविलें. मात्र त्याचें काम गुणाकाराचें असतें. दुबळी बाजू जेवढें पेलते त्याच्या समजा तिप्पट तें सबळ बाजूला देतें. दुबळ्या बाजूचें चाक हवेंतच उचललें गेलें तर शून्याची तिप्पट शून्यच होते.

तिसरें उत्तर क्लचचें. आणि येथें निर्णयाचा अधिकार प्रथमच गणकयंत्राकडे गेला. पोर्शे कारखान्याच्या '९५९' या गाडीत पुढच्या आंसाकडे जाणारी शक्ति अनेक चकत्यांच्या क्लचमधून जाई, आणि तो किती दाबावयाचा हें विद्युत्-यंत्रणा ठरवी. साधारण चालींत पुढें ४० व मागें ६०, तर जोरानें वेग घेतांना पुढें २० व मागें ८० अशी ती वांटणी बदले. याच गाडीनें १९८६ सालची पॅरिस ते डकार ही वाळवंटांतील शर्यत जिंकली. १९८९ सालीं जपानच्या निसान कारखान्यानें 'स्कायलाइन जी-टी-आर' मध्यें हीच कल्पना वेगळ्या रीतीनें योजिली. ही गाडी मुळांत मागच्या चाकांची. चाकांची गति व गाडीला बसणारे हिसके मोजून गणकयंत्र क्लच आवळी, आणि गरजेपुरताच, शून्यापासून निम्म्यापर्यंत, जोर पुढें पाठवी. १९९० ते १९९३ या काळांत जपानमधील टूरिंग मोटारींच्या स्पर्धेंत ती ज्या २९ शर्यतींत उतरली त्या सर्व २९ शर्यती या जातीच्या गाड्यांनींच जिंकल्या.

या उत्तरांचा मिलाफहि होऊं शकतो. इटलीच्या 'लान्चिया डेल्टा इंटेग्राले' या गाडीत मध्यभागीं असमान वांटणीचें डिफरन्शियल, त्यास आवर घालणारें व्हिस्कस कपलिंग आणि मागच्या आंसावर टॉर्सेन, असा त्रिवेणी संगम होता. आरंभीं तिच्यांत पुढें ५६ व मागें ४४ असें प्रमाण होतें. पुढील सुधारित गाडीत तें पुढें ४७ व मागें ५३ असें करण्यांत आलें. पुढच्या चाकांना सुकाणूच्या कामासाठीं मोकळें ठेवावें, हाच येथेंहि हेतु. १९८७ ते १९९२ अशीं लागोपाठ सहा वर्षें लान्चियानें कारखानदारांचें जागतिक रॅली-पद राखलें.

क्लचच्या बाबतींत एक नियम मात्र अटळ आहे. तो जोर नेहमीं अधिक वेगानें फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगानें फिरणाऱ्या बाजूकडे नेतो. उलट कधींहि नेत नाहीं. वळणांत बाहेरचें चाक अधिक वेगानें फिरत असतें. अशा वेळीं त्यालाच जास्त जोर देऊन गाडी वळविण्यास मदत करावी असें वाटलें, तरी साध्या क्लचला तें साधत नाहीं. मित्सुबिशीनें १९९६ च्या 'लान्सर एव्होल्यूशन'मध्यें मागच्या आंसावर गति वाढविणारीं व कमी करणारीं दांतेरी चाकें क्लचला जोडून ही अडचण ओलांडली. तेव्हांपासून वांटणीचा उपयोग गाडी ओढण्यापुरता न राहतां तिला वळविण्यासाठींहि होऊं लागला.

आजच्या विजेच्या गाड्यांत तर मधला दांडाच नाहींसा झाला आहे. २०२१ सालीं सादर झालेल्या क्रोएशियांतील 'रिमाट्स नेव्हेरा' गाडीत प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटर आहे, आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशांत प्रत्येकीचा जोर निरनिराळा ठरवितां येतो. पण येथेंहि सर्वच लाभ नाहीं. मागचीं चाकें निसरड्या जागीं असतील तर मागच्या मोटरींचें बळ पुढच्या चाकांना उसनें देतां येत नाहीं. प्रत्येकीची मर्यादा तिच्यापुरती असते. उलट जखडलेल्या डिफरन्शियलच्या जुन्या गाडीत इंजिनाचा सारा जोर गरज पडतांच एकाच आंसाला मिळूं शकतो.

यावरून जाहिरातींतील आंकड्यांचा अर्थ कसा लावावा हें सुज्ञ ग्राहकाच्या ध्यानीं येईल. "निम्मी-निम्मी वांटणी" असें छापलेलें असलें तरी मधलें यंत्र जखडलेलें असेल आणि मागचीं चाकें बर्फावर असतील, तर जवळजवळ सारा जोर पुढेंच लागतो. तो आंकडा यंत्राचा. प्रत्यक्ष वांटणी ठरविणारा रस्ता असतो. म्हणून प्रमाण किती यापेक्षां तें कोण बदलतें, आणि चाक घसरण्यापूर्वीं बदलतें कीं नंतर, हे प्रश्न विचारणें अधिक शहाणपणाचें होय.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं ही सारी वांटणी वेग घेण्यासाठीं आहे. वेग सोडण्यासाठीं नाहीं. ब्रेक प्रत्येक मोटारीस चारी चाकांवर असतातच. त्यामुळें थांबण्याच्या बाबतींत चारी चाकांनीं ओढणारी गाडी इतरांहून सरस नसते. वाढलेल्या वजनानें ती उलट थोडी जडच असते. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें, हा सृष्टिनियम कोणत्याहि दांतेरी चाकाला चुकवितां आलेला नाहीं. यांत खरा धोका असा कीं साधी गाडी ओल्या रस्त्यावर निघतांनाच चाक घसरवून चालकाला सावध करते. चारी चाकांची गाडी न घसरतां सुखानें वेग घेते आणि ती सूचनाच गिळून टाकते. रस्ता निसरडा आहे हें मग पहिल्या कठीण वळणावर कळतें, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो.

फर्ग्युसन यांच्या परंपरेंतील यंत्रज्ञांस याची जाणीव होती. म्हणूनच १९६६ च्या त्या जेन्सन गाडीत त्यांनीं चारी चाकांच्या ओढीबरोबरच, विमानांसाठीं निघालेली चाकें न जखडूं देणारी ब्रेकची योजनाहि बसविली होती. जेवढी काळजी पुढें जाण्याची, तेवढीच थांबण्याची, असा त्यामागील विचार होता. उत्तम टायर, निर्दोष ब्रेक आणि रस्ता ओळखून वेग आवरणारा चालक यांची जोड मिळाली तरच चौघांतील ही वांटणी सुखाची होते.